चिलीमध्ये ११ सप्टेंबर हा दिवस कसा पाळतात?

आपल्याला ११ सप्टेंबर म्हटलं की न्यूयॉर्क आठवतं, चिलीच्या लोकांना १९७३ आठवतं. त्या दिवशी सैन्याने निवडून आलेल्या साल्वादोर आयेंदे यांचं सरकार उलथवलं. हवाई दलाच्या हॉकर हंटर विमानांनी आपल्याच राजधानीतल्या, सान्तियागोतल्या, 'ला मोनेदा' या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर रॉकेटचा मारा केला. आयेंदेंनी रेडिओवरून जनतेचा निरोप घेतला आणि तिथेच प्राण दिले.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती एका दाराची गोष्ट. प्रासादाच्या एका बाजूला, मोरांदे रस्त्यावर असलेल्या ८० क्रमांकाच्या दारातून आयेंदेंचा मृतदेह बाहेर आणला होता. पुढे, उठावानंतर सत्ता घेतलेल्या लष्करप्रमुख पिनोचेतच्या राजवटीत, इमारत दुरुस्त करताना ते दारच बुजवून टाकलं. २००३ मध्ये, ३० वर्षं झाली तेव्हा, ते पुन्हा उघडलं. आता लोक तिथे फुलं ठेवतात.

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) पिनोचेतने हाच दिवस राष्ट्रीय सुट्टीचा केला होता. ती सुट्टी १९९८ साली रद्द झाली. सान्तियागोतल्या एका मोठ्या रस्त्याला दिलेलं '११ सप्टेंबर' हे नाव तर २०१३ पर्यंत टिकलं.

पिनोचेतच्या राजवटीत बेपत्ता झालेल्यांच्या बायका 'क्वेका' हा जोडीने करायचा नाच एकट्याच नाचायच्या, छातीवर नवऱ्याचा फोटो लावून.