परजीवीचे प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड

प्रश्न : माझी मुलगी मुंबईतील एका प्रयोगशाळेत एम.एस्सी.चा प्रकल्प करते. तेथे मलेरियाच्या परजीवीतील ‘एचएसपी-७०’ हे प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूला नेमके चिकटणारे प्रथिन) मागवले आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीत तिघांना मलेरिया झाला. या प्रतिपिंडाने रक्ततपासणी करता येईल का?
– एक वाचक, परळ

उत्तर : रोगनिदानासाठी त्याचा उपयोग नाही, पण ते का नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. डासाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेइतके असते. तेथून परजीवी माणसाच्या ३७ अंशांच्या शरीरात येतो आणि रुग्णाला ताप भरला की त्याला ४० अंशांच्या पुढचा उकाडाही सोसावा लागतो. अशा उष्णतेत प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. त्या सावरण्याचे काम उष्माघात प्रथिने (हीट शॉक प्रोटीन्स, म्हणजेच एचएसपी) करतात; ‘एचएसपी-७०’ हे त्यांपैकीच एक. उष्णता वाढली की फळमाशीच्या पेशींतील गुणसूत्रांवर विशिष्ट फुगवटे येतात, हे शास्त्रज्ञ रितोसा यांनी १९६२ मध्ये प्रथम नोंदवले; या प्रथिनांच्या शोधाची सुरुवात तेथून झाली.

फॅल्सिपेरम या मलेरियाच्या एका जातीच्या परजीवीत ‘एचएसपी-७०’चे अनेक भाऊबंद आहेत. एक त्याच्या पेशीरसात व केंद्रकात, एक तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात), तर एक थेट आपल्या तांबड्या पेशीत पाठवला जातो. त्यामुळे ‘एचएसपी-७० ओळखते’ एवढे वाक्य अपुरे आहे. नेमके कोणते, हे प्रतिपिंडासोबतच्या पत्रकात पाहायलाच हवे.

खरी अडचण याहून मोठी आहे. हे प्रथिन जीवसृष्टीत फारच थोडे बदलले आहे, आणि माणसाच्या तांबड्या पेशीतही त्याचे स्वतःचे ‘एचएसपी-७०’ असते. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत) दोघांचे पट्टे ७० ते ७५ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचे एकक) आसपासच येतात, म्हणजे केवळ आकारावरून फरक सांगणे धोक्याचे. म्हणून प्रतिपिंड तयार करताना परजीवीच्या प्रथिनाचा वेगळा भाग निवडणे श्रेयस्कर ठरते. पेशीरसातील प्रथिनाच्या शेपटाकडे ग्लायसिन, ग्लायसिन, मेथिओनिन, प्रोलिन ही अमिनो आम्लांची चौकडी पुन्हा पुन्हा येते. माणसाच्या ‘एचएसपी-७०’मध्ये इतकी लांब मालिका नाही.

दवाखान्यातील झटपट चाचणीतही प्रतिपिंडेच असतात, पण ती एचआरपी-२ किंवा परजीवीचे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) शोधतात. एचआरपी-२ हे प्रथिन फॅल्सिपेरम मोठ्या प्रमाणात रक्तात सोडतो, म्हणून बोटातल्या थेंबातही ते सापडते. पेशीरसातले ‘एचएसपी-७०’ मात्र मुख्यतः परजीवीच्या आतच राहते. शिवाय मुंबईत व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीच्या परजीवीचा मलेरियाही आढळतो, आणि एचआरपी-२ची चाचणी त्याला ओळखत नाही. चाळीत कुणाला ताप आला, तर औषध घेण्याआधी रक्ताचा नमुना देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा.

मुलीला मात्र एक गोष्ट आवर्जून सांगा : प्रत्येक ब्लॉटमध्ये बाधित पेशींच्या शेजारी संसर्ग नसलेल्या तांबड्या पेशींचा नमुना चालवावा. तेथेही पट्टा उमटला, तर ते प्रतिपिंड परजीवीखेरीज माणसाचे प्रथिनही पकडत असण्याची शक्यता आहे, आणि पुढच्या निकालांवर विसंबण्याआधी ही शंका निवारली पाहिजे.