एकाच चॅनलवर बस

तुझा मेसेज वाचला. ‘काका, आठवडाभर वॉकीटॉकीचे चॅनल स्कॅन करतोय, सगळं रटाळ. टँकर आला, लिफ्ट बंद, गेट नंबर दोन. मोठी अँटेना घेऊ का?’ नको. अँटेना बिचारी ठीक आहे. तूच एका जागी थांबत नाहीस.

स्कॅनर एकामागून एक चॅनल चाळतो, कुणी बोललं की थांबतो आणि बोलणं संपलं की दोन-चार सेकंदांत पुढे पळतो. तुझ्या वाट्याला येतात ती सुटी वाक्यं. मधली शांतता तुला ऐकूच येत नाही आणि कामाच्या रेडिओवर बरंचसं तिथेच असतं.

टॉवर क्रेनचं घे. हिंजवडीच्या एका साइटचे वॉकीटॉकी माझ्याकडे दुरुस्तीला यायचे. वर केबिनमधल्या ऑपरेटरला खाली उतरणारा माल नेहमी दिसतोच असं नाही. खालचा इशारे देणारा सिग्नलमन पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबून बोलत राहतो, “नीचे, नीचे, धीरे, धीरे, धीरे...” तो गप्प झाला की ऑपरेटरने थांबायचं. म्हणजे ऐनवेळी बॅटरी उतरली तरी माल हवेत थांबतो, कुणाच्या डोक्यावर येत नाही. तू ‘नीचे नीचे’ ऐकलंस आणि पुढे गेलास. बसला असतास तर कळलं असतं.

वॉचमनच्या “हॅलो हॅलो गेट” ला तू गावंढळपणा म्हणालास, तेव्हा मात्र मला राग आला. बटण दाबल्यावर समोरच्या सेटचा टोन-स्क्वेल्च, म्हणजे ठरलेला सूर ओळखेपर्यंत स्पीकर बंद ठेवणारी कडी, उघडायला क्षणभर लागतो, मध्ये आवाज पकडून पुढे पाठवणारा रिपीटर असेल तर आणखी. तेवढ्यात पहिलं अक्षर गिळलं जातं. म्हणून पहिला हॅलो वाया जाऊ द्यायचा. हे त्याला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही. बस एका चॅनलवर, अशा दहा गोष्टी सापडतील.

आता कुठल्या चॅनलवर? इथे मी कडक आहे. कंपनीच्या परवान्यावर चाललेलं बोलणं तुझ्यासाठी नाही. मलाही लोक टोमणा मारतात, तुम्ही तर जन्मभर दुसऱ्यांचंच ऐकलंत. ऐकलं ना! त्यांनी बोलावलं म्हणून, त्यांचे सेट टेबलावर उघडून. त्यातलं एक अक्षर घरी बायकोलाही सांगितलं नाही. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2018च्या नियमांनी परवानामुक्त आहे, खरं. पण मोकळा झालाय तो पट्टा, त्यावरच्या माणसाचं बोलणं नाही. त्या दोन क्लिप रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकणार होतास, त्या आजच पुसून टाक. आणि लोहगावच्या वाटेला जाऊच नकोस, तो हवाई दलाचा तळ आहे.

तू 144 ते 146 मेगाहर्ट्झवर बस. तिथे हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणारी मंडळी असतात. त्यांना आपलं बोलणं सांकेतिक करून दडवायची मुभा नाही, ते उघड्यावरच बोलतात. तिथे तासभर कुणी बोलणार नाही. बसून राहा. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना तासन् तास आकाशातल्या एकाच ठिकाणाकडे तोंड करून असतात, त्यांना कुणी रटाळ म्हणत नाही. तुला अर्धा तास निघत नाही!

मला हळहळ वाटते ती वेगळीच. साइटमागून साइट डिजिटल झाली, साध्या सेटवर आता नुसती खरखर येते. बोलणं नको, पण त्या माणसांची बोलायची ढब, तो खास ठेका कुठेतरी लिहून ठेवायला हवा होता. त्या वेळी ते रोजचंच वाटायचं. तू वही कर. वेळ, फ्रिक्वेन्सी, आवाज स्वच्छ की फाटलेला, आणि किती वेळ कुणीच बोललं नाही तेही.

अँटेनाचे पैसे हॅमच्या परीक्षेसाठी ठेव. बारा वर्षांची पोरं बसतात त्या परीक्षेला, तुला काय धाड भरली आहे?

रविवारी संध्याकाळी ये. माझ्या सेटवर बस. स्कॅनच्या बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

काका