तीच बाहुली, की तिच्यासारखी?

प्रश्न: माझी मुलगी ८ वर्षांची आहे. गेले ११ महिने ती एकच बाहुली मागते आहे. १८ इंच उंचीची, जिच्या गोष्टींची पुस्तकं असतात अशी. दोन मैत्रिणींकडे ती आहे. हिने पुस्तकं दोनदा वाचून काढली आणि चित्रकलेच्या वहीत पानोपान तिचा झगा काढला आहे. तेवढ्याच उंचीची, दिसायला बरीचशी तशीच दुसरी बाहुली पाव किमतीत मिळते. महागडी घेतली तर आमची निम्म्या महिन्याची बचत जाते. नवरा म्हणतो, खेळणं ते खेळणं, स्वस्त घे. मला लहानपणी बाहुली कधी मिळाली नाही, त्यामुळे माझा जीव अडकतो. फोनचे हप्ते सोडले तर कर्ज नाही. अडीअडचणीसाठी दोन महिन्यांच्या खर्चाइतके पैसे बाजूला आहेत. धाकटा मुलगा २ वर्षांचा आहे. दुकानदार बिनव्याजी हप्ते करून देतो म्हणतो. घेऊ का?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात किमतीच्या आधी माझी नजर '११ महिने' या शब्दांवर थांबली. ८ वर्षं म्हणजे ९६ महिने. त्यातले ११ महिने ती एकाच गोष्टीची वाट बघते आहे, म्हणजे आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ नववा हिस्सा. ३६ वर्षांच्या माणसाने सलग ४ वर्षं एखाद्या गोष्टीचा ध्यास घेतला तर त्याला आपण हट्ट म्हणत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो: बाहुली घ्या, आणि महागडीच घ्या. पण आज घेऊ नका, हप्त्यांवर घेऊ नका, आणि निदान वर्षभर बाहुलीच्या जोडीला दुसरं काही विकत घेऊ नका.

स्वस्त बाहुली पाव किमतीत मिळते असं तुम्ही लिहिलं आहे, तेव्हा मी हिशेब पटींत मांडतो, म्हणजे डोक्यात ठेवायला सोपा जातो. स्वस्त बाहुली १, महागडी ४. बहुतेक घरांत हिशेब इथेच संपतो: ३ वाचले. पण स्वस्त बाहुलीने तिची इच्छा भागली नाही आणि सहा-आठ महिन्यांनी तुम्हालाच राहवलं नाही, तर एकूण ५ जातात, आणि कपाटावर कुणालाच नको असलेली एक बाहुली बसून राहते. उलट तिला मुळात एक मोठीशी बाहुली हवी असेल, केस विंचरायला, कपडे बदलायला, तर ४ मोजणं ही सरळ उधळपट्टी. तेव्हा आधी हे कळायला हवं की तिला बाहुली हवी आहे की तीच बाहुली हवी आहे.

'तुला नक्की हवी आहे ना?' असं विचारून हे कळत नाही. याला कुठलं मूल नाही म्हणेल? त्याऐवजी विचारा, 'ती घरी आली तर पहिल्या दिवशी तुम्ही दोघी काय काय कराल?' उत्तर मैत्रिणींना दाखवण्यापाशी थांबलं, तर ओढ मैत्रिणींच्या घोळक्यात सामील होण्याची आहे, आणि ती गरज बाहुलीपेक्षा स्वस्तात आणि जास्त चांगली भागवता येते. त्या दोघींना एक दिवस घरी खेळायला बोलवा, एवढंच पुरतं कधी कधी. पण ती गोष्टीतलं नाव घेऊन, तिला कुठे झोपवीन, काय वाचून दाखवीन असं सांगू लागली, तर ती त्या बाहुलीला आधीच ओळखते. वहीतल्या त्या झग्यांबद्दल वाचून मला वाटतं की तुमच्या लेकीचं हे दुसरं आहे. तरी विचारून बघाच.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. माझी मुलगी ७ वर्षांची असताना मी अशीच दिसायला सारखी बाहुली आणली आणि 'हीच ती' म्हणून तिच्या हातात ठेवली. तिने बाहुली पालथी केली, मानेवरचे केस दोन बोटांनी बाजूला सारले आणि तिथे बघितलं. मूळ बाहुलीच्या मानेवर नाव कोरलेलं असतं हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. मग तिने केस पुन्हा नीट बसवले आणि म्हणाली, "छान आहे, बाबा." त्या बाहुलीशी ती खेळली, पण तिला नाव मात्र कधी ठेवलं नाही. तेव्हा पैसे वाचवले याचं मला आजही वाईट वाटत नाही. खोटं बोललो याचं वाटतं. पुढेमागे तुम्ही स्वस्त बाहुली घेतलीत तर उघडपणे घ्या: 'ही वेगळी आहे, हिची गोष्ट अजून कुणी लिहिलेली नाही, ती तू लिही.' पुष्कळ मुलींना हे मनापासून आवडतं.

आता या चौपट किमतीत नेमकं काय असतं ते बघू. १८ इंची गोष्टवाल्या बाहुल्यांची लाट आली ती अमेरिकन गर्ल या बाहुल्यांमुळे. प्लेझंट रोलंड या पूर्वी शिक्षिका असलेल्या आणि शालेय पुस्तकं लिहिणाऱ्या बाईंनी १९८६ मध्ये त्या सुरू केल्या. पहिल्या तीन बाहुल्यांपैकी कर्स्टन १८५४ सालातली, सॅमंथा १९०४ सालातली आणि मॉली १९४४ सालातली. प्रत्येकीची स्वतःची पुस्तकं. मूल आधी गोष्टीत गुंततं आणि मग बाहुली मागतं. १९९८ मध्ये बार्बी बनवणाऱ्या मॅटेलने हा सगळा व्यवसाय ७० कोटी डॉलरना विकत घेतला. त्या सौद्यात प्लास्टिक आणि कापडापेक्षा गोष्टींना जास्त मोल होतं असं मला वाटतं.

म्हणजे किमतीतला बराच वाटा गोष्टीचा आणि नावाचा असतो. उरलेला वस्तूचा. डोकं आणि हातपाय व्हिनाइलचे, धड कापडाचं आणि आत मऊ भरण, केस म्हणजे डोक्यावर चिकटवलेला टोप, आडवी केली की मिटणारे डोळे. हातपाय आतून इलॅस्टिकच्या दोरीने ओढून धरलेले असतात, त्यामुळे ते सैल झाले तर दोरी बदलून पुन्हा घट्ट करता येतात. दुरुस्त होणारी वस्तू मला केव्हाही आवडते. पण चौपट किंमत म्हणजे चौपट टिकाऊपणा, असं मात्र मी म्हणणार नाही. स्वस्तातल्याही काही बाहुल्या चांगल्या मजबूत असतात. जिथे मुलीला गोष्टीची एवढी ओढ नाही, तिथे मी डोळे झाकून स्वस्त घ्या असंच सांगतो.

मला खरी काळजी आहे ती बाहुलीच्या मागून येणाऱ्या खर्चाची. १९५९ मध्ये साडेअकरा इंची बार्बी बाजारात आली तेव्हापासून या धंद्याचं गणित ठरलेलं आहे: बाहुली एकदाच विकली जाते, तिचे कपडे वर्षानुवर्षं. पलंग, सायकल, बूट, चष्मा, बाहुलीचंही एक कुत्र्याचं पिल्लू. स्वस्त बाहुलीची किंमत १ धरली, तर महिन्याला नुसता त्याचा पाव भाग या सामानावर गेला तरी वर्षाला ३ होतात, आणि १६ महिन्यांत दुसरी महागडी बाहुली आली असती इतके पैसे गेलेले असतात. यातलं काहीही मोठा खर्च वाटत नाही, म्हणून त्याची घरात चर्चाही होत नाही. तुम्ही दोघं आज बाहुलीवरून वाद घालता आहात. पण ४ हा आकडा तुम्हाला माहीत तरी आहे. सामानाला तसा काही शेवटच नसतो.

यातून एक चांगली वाट निघते. १८ इंच हे माप इतकं रुळलं आहे की एका कंपनीच्या बाहुलीचे कपडे बहुधा दुसऱ्या कंपनीच्या बाहुलीला होतात. म्हणजे बाहुली महागडी घ्या आणि झगे स्वस्त बाहुल्यांसाठी बनलेले घ्या. फक्त कमरेचा घेर मोजून घ्या, काहींचं धड जरा बारीक असतं. त्याहून उत्तम म्हणजे शिवा. जुन्या कुर्त्याच्या एका बाहीत बाहुलीचा झगा निघतो. तुमच्या लेकीच्या वहीत नमुने तयारच आहेत. एवढं बघा की गडद रंगाचं कापड आधी दोनदा धुतलेलं असावं, नाहीतर रंग व्हिनाइलमध्ये उतरतो आणि निघत नाही. केस तारेच्या ब्रशने, पाण्याचा हलका फवारा मारून विंचरायचे. डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही आणि बाहुलीला आंघोळ तर अजिबात घालायची नाही. ८ वर्षांची मुलगी हे सगळं सांभाळू शकते. सांभाळायला मिळालं की तिला उलट बरंच वाटेल.

आणि धाकट्याकडे लक्ष असू द्या. बाहुलीचे बूट, बकल, बांगड्या हे सगळं ३ वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात आणि तिथून घशात जाण्याच्या मापाचं असतं. सामान वर्षभर लांबवा म्हणतो त्यात पैशाइतकंच हेही कारण आहे.

आता पैसे कुठून काढायचे. अडीअडचणीच्या पैशांना हात लावू नका. दोन महिन्यांची तरतूद मुळातच कमी आहे, ती निदान तीन महिन्यांची आणि पुढे सहा महिन्यांची व्हायला हवी. बिनव्याजी हप्ते मला इथे नकोत. एक तर त्यात बऱ्याचदा प्रक्रिया शुल्क असतं, रोख घेतल्यास मिळणारी सूट असेल तर ती जाते आणि एखादा हप्ता चुकला तर दंड बसतो. फोनचे हप्ते चालू असताना हे दुसरं लोढणं कशाला? दुसरं असं की हप्त्यांवर बाहुली आली तर पैसे साठवणं, वाट बघणं हे तुमच्या मुलीला दिसतच नाही. बाहुली आली, आणि ती कुठून आली कोण जाणे.

त्याऐवजी १६ आठवडे घ्या. चार महिन्यांच्या बचतीतून निम्म्या महिन्याची बचत काढायची म्हणजे आठवा हिस्सा. बाकीचे सात हिस्से जिथे जायचे तिथेच जातील आणि आणीबाणीची तरतूदही वाढत राहील. एका कागदावर १६ चौकोन आखा, भिंतीवर लावा आणि दर आठवड्याला पैसे बाजूला टाकल्यावर तिला एक चौकोन रंगवू द्या. आजी, मामा, मावशी वाढदिवसाला काही देणार असतील तर त्यांना आधीच सांगा की पाच लहान भेटींऐवजी यातच भर घाला. तिच्या स्वतःच्या साठवलेल्या पैशांतूनही थोडं घ्या, विसावा हिस्सा असला तरी चालेल. पण हे मार्कांशी किंवा घरकामाशी जोडू नका. तसं केलं की बाहुली मजुरी होते, आणि एखाद्या पेपरात मार्क कमी पडले तर तुमची पंचाईत होते.

या १६ आठवड्यांत तिचं मन उतरलं तर? उतरू शकतं. तिचे पैसे तिला परत, तुमचे पैसे आणीबाणीच्या तरतुदीत, आणि 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य घरात कुणीही उच्चारायचं नाही.

त्याच काळात वापरलेल्या बाहुलीचा शोध घ्या. मुली ११-१२ वर्षांच्या झाल्या की या बाहुल्या कपाटात जातात आणि त्यांच्या आया गिऱ्हाईक शोधत असतात. ४ ची बाहुली २ ला मिळाली तर तुमचा अर्धा प्रश्न सुटला. डोळे नीट मिटतात का, केस गुंतून राठ झालेत का, हातपाय लुळे आहेत का आणि मानेवर नाव आहे का, एवढं बघा. ती वापरलेली आहे हे मात्र लेकीला सांगून घ्या. 'पुढे विकली तर पैसे सुटतील' म्हणून महागडी घेऊ नका, मनासारखी खेळलेली बाहुली कमी किमतीलाच जाते. १९९०च्या दशकाच्या शेवटी बीनी बेबीज नावाची मऊ खेळणी लोकांनी गुंतवणूक म्हणून खोकी भरभरून साठवली होती, आणि पुढे त्यांना गिऱ्हाईक उरलं नाही.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी बाजूला टाकत नाही. ते कदाचित असंही म्हणतील की हेच पैसे गुंतवले तर? ७२ ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते साधारण कळतं. ९ टक्क्यांनी ८ वर्षं. म्हणजे लेक १६ वर्षांची होईल तेव्हा बाहुलीच्या पैशांचे दुप्पट झालेले असतील. गणित बरोबर आहे, आणि मी रोज लोकांना तेच शिकवतो. पण १६ व्या वर्षी त्या दुप्पट पैशांतून ८ व्या वर्षीचं खेळणं घेता येत नाही. हे गणित दर महिन्याला होणाऱ्या खर्चाला लावा. बाहुलीच्या सामानाला लावा, तिथे ते खरंच उपयोगी पडेल.

शेवटी तुमच्या न मिळालेल्या बाहुलीबद्दल. ते वाचून मला गलबलून आलं. ती इच्छा खरी आहे, पण ती या खरेदीत मिसळू नका, कारण मग लेकीने चार दिवस बाहुलीकडे बघितलं नाही तर दुखावाल तुम्ही, आणि तिला कळणारही नाही का. हवं तर लेकीचा झगा शिवताना कापड थोडं जास्तीचं बेता आणि त्यातून स्वतःसाठी एक लहानशी कापडी बाहुली करा. कागदावरचा पहिला चौकोन येत्या रविवारी रंगवायला द्या, आणि फोनचा शेवटचा हप्ता कोणत्या आठवड्यात येतो तेही त्याच कागदावर लिहून ठेवा.