सातबारा बँकेत देण्याआधी: अमेरिकन कायदा, धोरण की इतिहास?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलगी पुण्यात पाच वर्षांच्या बीए एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. अमेरिकन सुप्रीम कोर्टाचे निकाल आवडीने वाचते, १९७१ च्या युद्धात अमेरिकेने काय केले यावर तासन्‌तास बोलते, आणि ‘अमेरिकेतच काहीतरी करायचं’ म्हणते. हे ‘काहीतरी’ कधी कायदा असते, कधी सार्वजनिक धोरण, कधी इतिहास. एका कन्सल्टन्सीने सांगितले, की एक वर्षाचा एलएलएम (कायद्यातली मास्टर्स पदवी) करा, न्यूयॉर्कची बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची परीक्षा) द्या, नोकरी लागेल. ऐंशी लाखांच्या कर्जासाठी जमीन तारण ठेवावी लागेल. वडील पुढे लिहितात, ‘वाचन दांडगं आहे, पण आकडे दिसले की ती वही मिटते. काय करावं?’

सप्रेम नमस्कार.

थेट सांगतो. या एलएलएमसाठी यंदा जमीन तारण ठेवू नका. मुलीची आवड खरी दिसते, पण कन्सल्टन्सीने एलएलएम, बार परीक्षा आणि नोकरी यांना जोडणाऱ्या सांगितलेल्या दोन्ही कड्या कच्च्या आहेत.

पहिली कडी एलएलएम आणि बार परीक्षेची. अमेरिकेत वकिलीचा परवाना प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देते. परदेशी कायदा पदवीधरांसाठी न्यूयॉर्क दोन गोष्टी तपासते: शिक्षणाचा कालावधी पुरेसा आहे का, आणि ते कॉमन लॉ (न्यायालयांच्या निकालांवर उभ्या असलेल्या इंग्रजी कायद्याच्या) परंपरेतले आहे का. भारतातली नियमित, वर्गात बसून घेतलेली एलएलबी बऱ्याचदा दोन्ही निकषांवर उतरते आणि एलएलएमशिवायही परीक्षेला बसता येते. दोहोंपैकी एक बाजू लंगडी निघाली तरच एलएलएमने ती भरून काढायची असते, आणि तोही कुठलाही एलएलएम चालत नाही. किमान २४ क्रेडिट लागतात, अभ्यास अमेरिकेत प्रत्यक्ष हजर राहून करावा लागतो, आणि त्यात वकिली आचारसंहितेचे २, कायदेशीर संशोधन-लेखनाचे २, अमेरिकन न्यायव्यवस्थेच्या परिचयाचे २ आणि बार परीक्षेतल्या विषयांचे ६ क्रेडिट असावेच लागतात. दरवर्षी काही विद्यार्थी मानवी हक्क, अंतराळ कायदा असे आवडीचे विषय घेऊन मोकळे होतात आणि शेवटच्या सत्रात या ६ क्रेडिटांसाठी धावतात.

म्हणून पैसे भरण्याआधी न्यूयॉर्कच्या बार परीक्षा मंडळाकडून पात्रतेची पूर्वतपासणी करून घ्यावी. अर्ज ऑनलाइन असतो, कागदपत्रे मात्र विद्यापीठाकडून थेट जावी लागतात. उत्तराला महिने लागतात, तेव्हा परीक्षेच्या वर्षभर आधी सुरुवात करावी. अंतिम निर्णय मंडळाचा. कन्सल्टन्सीच्या शब्दाला तिथे काडीची किंमत नाही.

परीक्षाही समजून घ्या. सध्याच्या पद्धतीत ती दोन दिवस, एकूण बारा तास चालते: २०० बहुपर्यायी प्रश्न, अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहा निबंध आणि दीड-दीड तासाची दोन प्रात्यक्षिक कामे. ४०० पैकी २६६ गुण मिळाले की उत्तीर्ण. शिवाय आचारसंहितेची वेगळी परीक्षा, न्यूयॉर्कच्या कायद्यावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम व चाचणी, आणि ५० तासांचे विनामूल्य कायदेशीर काम. परीक्षेचा साचा बदलतो आहे, २०२६ पासून काही राज्यांत नवी परीक्षा येते आहे. त्यामुळे जुन्या नोट्स कोणी ‘स्वस्तात’ देऊ केल्या तर घेऊ नका.

दुसरी कडी परवाना आणि नोकरीची, आणि ती जास्त कच्ची. मोठ्या अमेरिकन फर्म नवे वकील घेतात ते मुख्यतः तीन वर्षांच्या जेडी या अमेरिकेतल्या मूळ कायदा पदवीतून, तेही शिकत असतानाच्या उन्हाळी कामावरून पारखून. एलएलएमवाल्यांना फार थोडी दारे उघडी असतात. त्यात व्हिसाचे वेळापत्रक आड येते. मे महिन्यात पदवी झाली की विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीचे १२ महिने सुरू करण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. बार परीक्षा जुलैच्या अखेरीस होते, न्यूयॉर्कचा निकाल ऑक्टोबरच्या अखेरीस लागतो. म्हणजे निकाल हाती येईपर्यंत ९० दिवस जवळजवळ संपलेले असतात. जाणकार विद्यार्थी या काळात एखाद्या कायदा मदत केंद्रात आठवड्याला किमान २० तास विनावेतन काम करतात, कारण तेही काम म्हणून मोजले जाते. ५० तासांची अटही त्यातच निघते.

पुढे एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. नोंदणी मार्चमध्ये, वर्षाचा कोटा ६५ हजार, अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. एलएलएमवाल्याच्या वाट्याला सोडतीची अशी एकच फेरी येते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, त्यावर न्यायालयीन वादही सुरू झाले. हे नियम हलते आहेत, अर्ज करताना त्या आठवड्याची स्थिती पाहावी.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. नामांकित लॉ स्कूलमध्ये एलएलएमची नुसती फी ७५ हजार डॉलरच्या वर जाते. राहणे, विमा, प्रवास धरून लाख डॉलर ओलांडतात. तुमच्या ऐंशी लाखांत ते बसतच नाही.

जेडी करायची तर तीन वर्षे आणि त्याच्या सुमारे तिप्पट खर्च. भारतीय एलएलबीसाठी काही लॉ स्कूल एक तृतीयांशापर्यंत क्रेडिट माफ करतात, म्हणजे दोन वर्षांत उरकते. पण त्यासाठी बहुतेक ठिकाणी एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा लागते, आणि १८० पैकी १७० च्या आसपास गेल्याशिवाय मोठी शिष्यवृत्ती हाती लागणे कठीण. स्वस्तातल्या, शेवटच्या पायरीवरच्या लॉ स्कूलमध्ये जेडी करणे हा मला तरी आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो.

आता सार्वजनिक धोरण. इथे तुमच्या पत्रातले ते एक वाक्य महत्त्वाचे ठरते. दोन वर्षांच्या एमपीपीमध्ये (सार्वजनिक धोरणातली मास्टर्स) पहिल्याच सत्रात संख्याशास्त्र आणि सूक्ष्म अर्थशास्त्र येते, मागोमाग इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आर्थिक आकडेवारीचे विश्लेषण. वही मिटायची सोय नाही. उलट याच आकड्यांमुळे काही विद्यापीठांचे एमपीपी ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात मोडतात आणि कामाची परवानगी १२ ऐवजी ३६ महिन्यांची होते. एकाच्या जागी तीन सोडती. कोणता अभ्यासक्रम या गटात आहे हे विद्यापीठाला लेखी विचारावे, कारण एकाच विद्यापीठात एक धोरण पदवी त्यात असते आणि शेजारची नसते. पैशाच्या बाजूने प्रिन्स्टनच्या एमपीए (सार्वजनिक कारभारातली मास्टर्स) अभ्यासक्रमाकडे जरूर पाहा. तिथे प्रवेश मिळालेल्यांची पूर्ण फी विद्यापीठ भरते. जागा मोजक्या, आणि प्रवेश मिळणाऱ्यांकडे सहसा कामाचा अनुभव असतो.

एक गोष्ट कन्सल्टन्सीवाले सहसा सांगत नाहीत. वॉशिंग्टनमधल्या संघराज्य सरकारच्या जवळजवळ सगळ्या नोकऱ्या अमेरिकन नागरिकांसाठीच आहेत. धोरण शिकलेल्या भारतीय मुलीला उरतात जागतिक बँक आणि नाणेनिधी, ना-नफा संशोधन संस्था आणि खासगी सल्लागार कंपन्या. त्यांतल्या ना-नफा संशोधन संस्था एच-वन-बीच्या कोट्याबाहेर असू शकतात, म्हणून अर्ज करताना त्या आधी पाहाव्यात.

आंतरराष्ट्रीय इतिहासाची वाट लांब आहे, पण कर्ज नको असलेल्या घराला ती वाटते तितकी महाग नाही. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत इतिहासाची पीएचडी फी माफ आणि स्टायपेंड अशी मिळते, बदल्यात शिकवण्याचे काम. पाच-सहा वर्षे जातात, आणि शेवटी प्राध्यापकाच्या जागा फार कमी आहेत हे मुलीला आजच सांगून ठेवा. प्रवेशात सर्वांत वजन असते ते लेखनाच्या नमुन्याला, साधारण २० ते २५ पाने, मूळ कागदपत्रांवर आधारलेली. दुय्यम पुस्तकांचा सारांश पाठवला की अर्ज बाजूला पडतो. मराठी, हिंदी, उर्दू यांतल्या भाषा येत असतील तर ते अर्जात ठसठशीत लिहावे.

यातले तिला काय जमते हे कसे ओळखायचे? पैसा न खर्चता ओळखता येते. कॉलेजची परीक्षा संपल्यावरच्या तीन महिन्यांत तिला तीन कामे द्या.

कायद्यासाठी लोपर ब्राइट विरुद्ध रायमोंडो हा २८ जून २०२४ चा निकाल घ्यावा. कायद्यातल्या संदिग्ध शब्दाचा सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मानावा, हे १९८४ च्या शेवरॉन खटल्यापासूनचे तत्त्व यात सहा विरुद्ध दोन मतांनी, आणि सोबतच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी, मोडीत निघाले. मच्छीमार कंपन्यांनी भरायच्या निरीक्षकांच्या पगारावरून सुरू झालेला वाद पर्यावरणापासून औषधांपर्यंत सगळ्या खात्यांना भिडला. कायदा आणि धोरण कुठे एकमेकांत मिसळतात हे पाहायला याहून चांगला धडा नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचे बहुमत आणि न्यायमूर्ती केगन यांचे विरोधी मत, दोन्ही पूर्ण वाचून एका पानाची टिपणी लिहायची: वस्तुस्थिती, खालच्या न्यायालयांत काय झाले, प्रश्न, निर्णय, कारणे, विरोध. निकालाच्या सुरुवातीला छापलेला सारांश निकालाचा भाग नसतो. त्यातले वाक्य न्यायालयाचे म्हणून उद्धृत करणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. दुसऱ्या टिपणीत अमेरिकन कायदा आपल्या राज्यघटनेच्या कलम २१ ला (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) जोडावा. घटना सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, आणि पुढे मसुद्यातले ‘ड्यू प्रोसेस’ (न्याय्य कार्यपद्धतीची हमी देणारे अमेरिकन शब्द) जाऊन ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती’ आली. १९५० चा गोपालन खटला आणि १९७८ चा मनेका गांधी खटला यांमधला प्रवास त्यातूनच समजतो. ही टिपणी वाढवली तर पुढे अर्जासोबत जोडता येईल.

धोरणासाठी वर सांगितलेले एक लाख डॉलरचे शुल्क हाच विषय घ्यावा. अमेरिकी काँग्रेसच्या संशोधन सेवेचे अहवाल २०१८ पासून सर्वांना मोफत खुले आहेत. ते वाचून दोन पानांचे टिपण: निर्णय कोण घेणार, पर्याय कोणते, प्रत्येकाचा खर्च कोणावर, शिफारस काय. निदान एक तक्ता तिने स्वतः बनवलेला हवा. सोबत ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचा संख्याशास्त्राचा एखादा प्राथमिक अभ्यासक्रम. तो अर्ध्यात सुटला, तर एमपीपीचा विचार तिथेच थांबवा. अर्जाच्या शुल्कापेक्षा हे उत्तर स्वस्तात मिळते.

इतिहासासाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याची १८६१ पासून चालत आलेली परराष्ट्र संबंधांची कागदपत्र-मालिका आहे, इंटरनेटवर पूर्ण मोफत. १९६९-७६ या काळाचा अकरावा खंड १९७१ च्या दक्षिण आशिया संकटावर आहे. त्यात ढाक्याचे अमेरिकन कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांच्या कचेरीतून ६ एप्रिल १९७१ ला गेलेली, स्वतःच्याच सरकारच्या धोरणाला विरोध करणारी तार आहे. तिच्या आगेमागे दहा-दहा कागदपत्रे वाचायला सांगा. प्रत्येकाखाली मूळ फाइलचा पत्ता दिलेला असतो, तो उतरवून घ्यायचा. परराष्ट्र खात्याच्या मूळ फाइल्स मेरिलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ही मालिका निवडक असते आणि काही मजकूर गाळलेला असतो, त्यामुळे तीच अख्खा इतिहास समजून लिहिणे धोक्याचे. भारतीय बाजू पाहायला दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि त्याचे ‘अभिलेख पटल’ संकेतस्थळ आहे. अमेरिकेचा माहितीचा कायदा परदेशी नागरिकालाही अर्ज करू देतो. गोपनीय कागदांच्या उत्तराला मात्र वर्षे लागू शकतात, प्रबंधाची मुदत त्यावर टेकवू नये.

तिन्हींतले जे काम ती कोणी न सांगता दुसऱ्यांदा करायला बसेल, ती तिची वाट समजा.

माझा कल विचाराल तर पदवीनंतर तीन वर्षे इथेच काम करावे. अमेरिकन कायदा मुंबई-पुण्यातही रोज लागतो आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्याचा पत्ता नसतो. अमेरिकेत जेनेरिक औषधे विकणाऱ्या आपल्या कंपन्यांना १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्याखाली अनेकदा पेटंटला आव्हान द्यावे लागते. नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांत मूळ कंपनीने दावा केला, तर मंजुरी साधारण ३० महिने अडकते. पहिल्या यशस्वी आव्हानकर्त्याला १८० दिवस बाजार मोकळा मिळू शकतो. कोर्टात अमेरिकन वकील उभा राहतो, पण कागद इथल्या कंपनीच्या कायदा विभागातून हलतात. बँकांमध्ये अमेरिकन निर्बंधांची तपासणी आहे, आयटी कंपन्यांत करार आणि निर्यात नियंत्रणाचे काम आहे.

तीन वर्षांच्या पूर्णवेळ पगारी अनुभवाचा दुसरा फायदा फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप, म्हणजे अमेरिकेत मास्टर्स करण्यासाठीची शिष्यवृत्ती. अनुभवाची ती अट तिथे आहेच, आणि आंतरराष्ट्रीय विधी अभ्यास व सार्वजनिक प्रशासन ही क्षेत्रे त्यात राहिली आहेत. त्या फेलोशिपच्या व्हिसावर गेल्यास परत येऊन दोन वर्षे भारतात राहावे लागते, त्याआधी एच-वन-बी किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. तिथेच स्थायिक व्हायचे असेल तर ही फेलोशिप तिच्यासाठी नाही. मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटचे शिक्षणकर्ज आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठीही वेगळ्या योजना आहेत. तुमच्या प्रवर्गाचे निकष समाजकल्याण कार्यालयात विचारा. आणि मुलीला पुढे भारतात शिकवायचे असेल, तर परदेशी एक वर्षाच्या एलएलएमच्या समकक्षतेवर बार कौन्सिलच्या २०२० च्या नियमांनी प्रश्नचिन्ह उभे केले आहे, तेही आधी तपासा.

एक काम मात्र आजच करण्यासारखे आहे. आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि कुठे आईचे नावही येते, पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. परदेशात हे दोन वेगळे विद्यार्थी वाटतात आणि फाइल अडकते. दहावी, बारावी, प्रत्येक सत्राची मार्कशीट आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नावाचे स्पेलिंग अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर विद्यापीठात दुरुस्तीचा अर्ज पदवी प्रमाणपत्र छापण्याआधी करा, नंतर गॅझेट आणि प्रतिज्ञापत्राची वाट फार लांब पडते. ट्रान्सक्रिप्टचे (विद्यापीठाने दिलेल्या सर्व सत्रांच्या एकत्रित गुणपत्रकाचे) चार-पाच सीलबंद संच एकदमच मागवा, आणि पाकीट घरी कोणी उघडणार नाही एवढे पाहा.