मुलाचे डोळे सकाळी चिकटतात, पिवळं चिपड येतं: जंतुसंसर्ग असेल का? ड्रॉप्स लागतीलच का?

घट्ट पिवळा किंवा हिरवट स्राव, पुसला तरी थोड्या वेळात परत येणारा, आणि झोपून उठल्यावर पापण्या चिकटलेल्या: असं असेल तर जिवाणूंची शक्यता जास्त. व्हायरल किंवा ॲलर्जीच्या डोळ्यांतून बहुधा पाणीच येतं. ॲलर्जीत खाज फार. मुलांमध्ये हिमोफिलस इन्फ्लुएंझा आणि न्यूमोकोकस हे नेहमीचे जिवाणू. तेच कानातही शिरतात, म्हणून कान दुखतोय का ते जरूर विचारा.

सौम्य संसर्ग बऱ्याचदा आठ-दहा दिवसांत आपोआप जातो. अँटिबायोटिक ड्रॉप्सने तो लवकर आटोक्यात येतो, पण ते डॉक्टरांनी तपासून द्यावेत. घरातले जुने ड्रॉप्स अजिबात नकोत. त्यात स्टेरॉइड असलं आणि संसर्ग हर्पिस या विषाणूचा निघाला, तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे पुसा. दर वेळी नवा बोळा, दोन्ही डोळ्यांना वेगळा. मूल डोळे उघडत नसेल तर आडवं झोपवून मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब टाका. डोळा उघडला की औषध आत जातं. टॉवेल वेगळा, हात वारंवार धुणं आलंच.

महिन्याच्या आतलं बाळ असेल तर थांबूच नका, त्याच दिवशी दाखवा. पापणी सुजून ताप, खूप दुखणं, उजेड सहन न होणं, अंधूक दिसणं, डोळा हलवताना वेदना, यांपैकी काहीही असलं तरी तसंच.