सगळेच घेतात, मग मलाच का टोचतं?

"ताई, सगळेच घेतात. मग मलाच का टोचतं?" बडोद्यात समुपदेशन करताना तरुण डॉक्टरांकडून हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकते. कुणाला कंपनीने परदेशातल्या कॉन्फरन्सला नेलेलं असतं, कुणाच्या नव्या क्लिनिकच्या उद्घाटनाचा खर्च उचललेला असतो. अशाच एका प्लास्टिक सर्जनबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

डॉक्टर दांडिया बाजारात वाढलेले, वडील कारकून. झोप उडाली होती, घरात चिडचिड वाढली होती, म्हणून पत्नीने माझ्याकडे पाठवलं. कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या बायकांच्या स्तनाची पुनर्रचना हे त्यांचं मुख्य काम. त्यासाठी शरीरात बसवायची इम्प्लांट्स बनवणाऱ्या एका कंपनीच्या खर्चाने ते बँकॉकला जाऊन आले होते.

"पैसे नाही हो घेतले मी. आणि इम्प्लांट चांगलंच आहे!"

सुरुवातीच्या भेटींत ते स्वतःला लाचखाऊ ठरवत आणि लगेच निर्दोषही. दोन्ही निकाल मी बाजूला ठेवायला लावले. माणूस स्वतःवर खटला भरतो तेव्हा त्याला स्वतःकडे नीट पाहता येत नाही, असं मी मानते.

मग एकदा म्हटलं, "समजा, मी तुमची पेशंट. मला हेच इम्प्लांट का?"

ते बोलू लागले. अगदी ओघात, टक्केवारीसकट. आणि मध्येच थांबले.

"हे माझं वाक्य नाही. एमआरचं, कंपनीच्या प्रतिनिधीचं आहे. जसंच्या तसं."

मी बराच वेळ काही बोलले नाही. मग विचारलं, "बँकॉकहून आल्यावर त्याला कधी नाही म्हटलंत?"

"कसं म्हणणार? माणसाने एवढं केलं. बाबा सांगायचे, कुणाचा चहा प्यायलास तरी फेडायला विसरू नकोस."

गाठ इथे होती. ती सापडल्याचं समाधान मला आजही आहे. डॉक्टर लोभाने बांधले गेले नव्हते, उपकाराच्या जाणिवेने बांधले गेले होते. म्हणूनच 'मी विकला जाणारा नाही' या खात्रीवर विसंबू नका. प्रामाणिक माणूस परतफेड अधिक चोख करतो, आणि इथे ती पेशंटच्या शरीरातून होते.

पुढचं त्यांनीच काढलं. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने इम्प्लांटमध्ये औद्योगिक सिलिकोन भरल्याचं 2010 मध्ये उघड झालं. 2019 मध्ये अ‍ॅलर्गनने खडबडीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट्स एका दुर्मिळ लिम्फोमाच्या, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाच्या, धोक्यामुळे जगभरातून मागे घेतली. "उद्या अशी बातमी या कंपनीची आली, तर त्याच दिवशी मी पेशंटना फोन करीन ना?" त्यांनी मलाच विचारलं. उत्तर द्यायची गरज नव्हती.

नियम आहेतच. डॉक्टरांच्या आचारसंहितेत 2009 सालीच कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार, रोख रक्कम घेण्यावर बंदी आली. मार्च 2024 मध्ये औषध कंपन्यांसाठी आलेल्या संहितेनेही डॉक्टरांना प्रवास आणि हॉटेल देणं रोखलं, फक्त व्याख्यात्यांचा अपवाद ठेवून. पण भीतीने सोडलेली गोष्ट भीती ओसरली की परत धरली जाते, म्हणून माझा भर नियमांवर नव्हता.

कंपनीशी नातंच नको, असंही मी सांगत नाही. नवं उपकरण सर्जनने शिकायलाच हवं, त्यातल्या त्रुटी कंपनीला कळवायला हव्यात. संशोधन असेल तर लेखी करार, संस्थेची संमती आणि मानधन उघड. जे ओपीडीत पेशंटसमोर सांगताना जीभ अडखळते, ते घेऊ नका. एमआरशी भांडू नका, त्याच्या डोक्यावर टार्गेट असतं. "कॉन्फरन्सला मी माझ्या खर्चाने येईन" एवढं एकच वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा. डॉक्टरांनी ते पत्नीसमोर म्हणून पाहिलं, मग एमआरला सांगितलं. कॉन्फरन्स कमी झाल्या, हे खरं.

आता ते पेशंटला आधीच सांगतात, "या कंपनीने मला ट्रेनिंग दिलंय, हे लक्षात घेऊन माझं ऐका." एका बाईंनी लगेच म्हटलं, "मग दुसऱ्या कंपनीचंही दाखवा." त्यांनी दोन्ही टेबलावर ठेवली आणि दोन्हींमधले धोके सांगितले, या वेळी स्वतःच्या शब्दांत.