पन्हळीवर जाळी बसवली असली तरी ती साफ करावी लागते का?

टिनाच्या छपराच्या पन्हळीवर गेल्या वर्षी जाळी बसवली, तरीही मोठ्या पावसात पाणी बाहेर सांडून भिंत ओली होते, तेव्हा जाळी काढून टाकावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते जाळी काढू नये. जाळीमुळे साफसफाई कमी होते, पण संपत नाही. पूर्वी पन्हळीच्या आत साचणारा कचरा आता जाळीच्या वर साचतो आणि तो तिथूनच काढावा लागतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. आमच्याकडे बहुतेक अंगणांत कडुनिंब असतो, पण त्याच्या पानांचा जाळीला फारसा त्रास होत नाही, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये गळलेली वाळकी पाने वाऱ्याने बरीचशी उडून जातात. खरा त्रास बारीक कचऱ्याचा असतो. निंबाचा झडलेला फुलोरा, तुरीच्या मळणीत उडालेले कुटार, पक्ष्यांची विष्ठा आणि मे महिन्यातील वावटळींची धूळ जाळीच्या छिद्रांत बसते, अवकाळी पावसाच्या एखाद्या सरीने भिजते, उन्हात पुन्हा वाळते आणि तिचा कडक पापुद्रा तयार होतो. मग मृगाचा जोराचा पाऊस आला की पाणी आत शिरण्याऐवजी त्या पापुद्र्यावरून घसरून बाहेर पडते. पुढे पिकलेल्या निंबोळ्यांचा चिकट गर त्यात भर घालतो. आपल्याकडे बहुधा हेच घडत असावे.

खात्री करण्यासाठी, खाली येणाऱ्या पाईपापासून लांबच्या टोकाला जाळीवर बादलीभर पाणी सावकाश ओतून पाहावे. पाणी जाळीवरूनच ओघळले तर जाळी बुजली आहे. ते आत शिरून मध्येच साचले तर पाईपाच्या तोंडाशी गाळ आहे किंवा पन्हळ झुकली आहे. वानरे पन्हळीवर उड्या मारतात तिथे क्लॅम्प सैल होऊन असे नेहमी होते. पाईपाच्या दिशेने दर तीन मीटरला सुमारे एक सेंटीमीटर उतार असला म्हणजे पुरे.

मुख्य साफसफाई मेच्या अखेरीस, पाऊस लागण्यापूर्वी करावी आणि तीही सकाळीच, कारण दुपारी टिनाला हात लावता येत नाही. जाळी आधी कोरडीच ब्रशने झाडावी. प्रथमच पाणी मारले तर धुळीचा चिखल होऊन तो छिद्रांतून आत उतरतो, आणि मग काम दुप्पट होते. त्यानंतर पाईपाजवळचा जाळीचा तुकडा उचलून आतला गाळ थापीने घमेल्यात काढावा व शेवटी नळीने पाणी सोडावे. लोखंडी जाळीच्या कापलेल्या कडा आधी गंजतात, म्हणून त्यांना तेव्हाच रंग लावून घ्यावा. पावसाळ्यात निंबोळ्या पडत असताना आठवड्यातून एकदा जाळी झाडणे पुरेसे होते. घराजवळ साग असेल तर त्याची एकेक पाने जाळीचा मोठा भाग झाकतात, ती वेळोवेळी उचलावीत. चिंचेची पाने मात्र बहुतेक जाळ्यांतून सरळ आत जातात, तेथे पन्हळ आतूनही अधिक वेळा पाहावी लागते.

ही तपासणी टाळू नये, कारण जाळीखाली साचलेले पाणी वरून दिसत नाही आणि पावसाळी हवेत आठ-दहा दिवसांत त्यात डासांची पिढी तयार होऊ शकते.

शिडी जितकी उंच टेकते त्याच्या साधारण चौथाई अंतर तिचा पाय भिंतीपासून बाहेर ठेवावा, खाली कोणीतरी धरायला असावे, आणि घरात येणारी विजेची तार कोठून जाते ते आधी पाहावे. सिमेंटच्या पत्र्यांवर पाय देऊ नये. ते अचानक फुटतात. जाळीखाली गांधीलमाश्यांचे पोळे असू शकते, म्हणून हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे.

पन्हळीचे पाणी टाकीत किंवा विहिरीत सोडत असाल तर साफसफाईनंतरचा पहिला पाऊस बाहेर वाहू द्यावा. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे एक हजार लिटर पाणी पडते, त्यामुळे ती पहिली सर वाया गेली तरी टाकी भरायला फार वेळ लागत नाही.